चारही सिलिंडर सारखेच मेले

१

सोमवारी गाडी आपल्या पायांनी गॅरेजात आली. बुधवारी दुपारी तिचं इंजिन मेलं असं जाहीर झालं, आणि ज्या मिस्त्रीनं ते उभं आयुष्य जपलं, त्याला भर गल्लीत खोटारडा म्हणून बाहेर काढण्यात आलं.

माणूस गेला तरी दोघं-तिघं नाडी बघतात, नाकापुढे सूत धरतात. इथे एकानंच नाडी बघितली आणि बाकीचे उचलायला लागले.

गॅरेजच्या फरशीवर खडूनं चार आकडे लिहिले होते. सत्तर, सत्तर, बहात्तर, सत्तर. त्यांच्या शेजारी जुनी बाटलीहिरवी गाडी उभी होती. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, आणि उघड्या इंजिनावर साखळीचा आकडा लोंबत होता. साखळी ओढायची तेवढी बाकी होती. ती ओढता येत नव्हती, कारण गाडीच्या आत, चारही दारं आतून लावून, काचा वर करून, गाडीच्या मालक भावंडांपैकी धाकटी बहीण बसली होती.

"उतर खाली! तमाशा करू नकोस!" बाहेरून तिचा थोरला भाऊ काचेवर थापा मारत होता.

"तमाशा तुम्ही केलात! मी नुसती तिकीट काढून बसलेय," ती आतून ओरडली आणि तिनं फोन लावला.

"आत्या, ये. आत्ताच्या आत्ता ये. मी गाडीत कोंडले गेलेय."

"कोणी कोंडलं?"

"मीच. मी उतरले की हे बाबांच्या गाडीचं इंजिन उचलून दुसऱ्याला देणार. आणि मिस्त्रीकाकांना चोर ठरवलंय."

"मग उतरू नकोस," आत्या म्हणाली आणि तिनं फोन आपटला.

२

आत्या म्हणजे या भावंडांच्या वडिलांची थोरली बहीण. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात तिचं आयुष्य गेलं. चुरगळलेल्या पत्र्याकडे बघून, ब्रेक दाबला होता की नव्हता ते ती सांगायची. नात्यातले लोक तिला पाठीमागे तोफ म्हणत. तिलाही ते ठाऊक होतं आणि आवडायचं.

राग काय, सगळ्यांनाच देव देतो. पण कुणाच्या रागाचा वणवा होतो, कुणाच्या रागाची चूल. वणवा रान जाळतो, चुलीवर निदान चार घास शिजतात. आत्याचा राग चुलीचा होता. तो पेटला की ती भराभर बोलायची थांबायची आणि सावकाश विचारायला लागायची.

ती गॅरेजच्या दारात आली तेव्हा मिस्त्री आत नव्हता. समोरच्या वेल्डिंगवाल्याच्या स्टुलावर तो बसला होता. एरवी हा माणूस इंजिनांशी गात गात बोलायचा आणि गंजलेल्या नटांना मोठमोठ्यानं शिव्या घालायचा. आत्ता तो गप्प होता. दोन्ही मुठी मांड्यांवर घट्ट आवळलेल्या.

"काय रे, गाणं कुठे गेलं?" आत्यानं विचारलं.

"गळ्यात अडकलंय," मिस्त्री म्हणाला. "ताई, आत जाऊन गॅरेजच्या मालकाला एवढंच विचारा. मी इतकी वर्षं तुमच्या भावाला फसवत होतो असं तो म्हणतो. मेलेलं इंजिन जिवंत आहे म्हणून सांगत होतो म्हणे. अहो, तुमचा भाऊ ते इंजिन घेऊन डोंगर चढायचा! मेलेलं घोडं डोंगर चढतं का?"

"इंजिन उतरवायचं का ठरलं?"

"मागच्या बाजूचं ऑइल सील गेलंय. तेल क्लचवर उतरतं. इंजिन बाहेर काढल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. आणि इंजिन काढायच्या आधी मी सिलिंडरमधला दाब बघतो, नेहमीच. एकदा ते बाहेर आलं की चालवून बघता येत नाही ना. सोमवारी बघितला. चारही दीडशेच्या आसपास, या वयाला उत्तम. मालकाला तोंडी सांगितलं. फिल्टर वगैरे सुटं केलं आणि घरी गेलो. मंगळवारी गॅरेज बंद. आज गॅरेज उघडताच त्यानं मला नवीन सील आणायला बाजारात पाठवलं. परत येतो तर हा दारात उभा राहून गल्लीला ऐकवतोय, मिस्त्री खोटारडा, मिस्त्री लबाड! मला आत पाऊल टाकू दिलं नाही. एका उस्तादाकडे शिकलो आम्ही, ताई. एका ताटात जेवलो."

वेल्डिंगवाला मागून म्हणाला, "मी ऐकलंय सगळं. त्याचा आवाज माझ्या ग्राइंडरवर चढला होता."

आत्यानं पदर खोचला. "इथेच बस. आत येऊ नकोस. मी बोलावल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस, म्हणजे उद्या कोणी बोलायला नको."

३

धाकटीनं काच चार बोटं खाली केली. डोळे लाल झालेले, पण रडून नव्हे.

"सगळं सांग. गाळू नकोस," आत्या म्हणाली.

"सकाळी मालकांनी आम्हाला बोलावलं. म्हणाले, इंजिन काढायच्या आधी तुमच्या डोळ्यांसमोर दाब दाखवतो. मला इथे बसवलं. म्हणाले, रेस पूर्ण दाबून धर आणि मी सांगितलं की किल्ली फिरव. मी फिरवली. ते एकेका प्लगच्या भोकात गेज धरायचे, आकडा सांगायचे, खडूनं लिहायचे. आत्या, माझ्याच हातानं फिरवली गं किल्ली! बाबांच्या इंजिनाला मेलेलं ठरवायला माझाच हात वापरला."

"पाय उचलला होतास का रेसवरून?"

"नाही. पोटरीत गोळा आला तरी नाही."

"बरं. मालक कसे होते? घाईत? घाबरलेले?"

"घाबरलेले? चहा पीत होते! इंजिनात तो मोठा काळा डबा असतो ना, बसकट, त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता. एक घोट, एक सिलिंडर. एक घोट, एक सिलिंडर. लाज नाही वाटली मेल्याला."

"काळा डबा," आत्या पुटपुटली. तिनं इंजिनाकडे बघितलं. तिथे काळा डबा नव्हता. कार्बुरेटरचं तोंड उघडं होतं, आणि त्यावर एक स्वच्छ फडकं टाकलेलं.

"आत्या? काय झालं?"

"काही नाही. काच वर कर आणि बसून राहा."

मग ती फरशीवरच्या आकड्यांपाशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली. सत्तर, सत्तर, बहात्तर, सत्तर. तिच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली.

४

गॅरेजचा मालक गोरागोमटा, इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस होता. हात त्यानं बऱ्याच वर्षांपूर्वीच काळे करायचे सोडले होते.

"या, ताई. वाईट वाटतंय मला. पण आकडे काय खोटं बोलतात?"

"आकडे नाही बोलत," आत्या म्हणाली. "मग पुढे काय ठरलंय?"

"हे साहेब आहेत ना," मालकानं खांबाला टेकलेल्या माणसाकडे हात केला. हा माणूस सावलीतही काळा चष्मा काढत नव्हता. गल्लीत त्याला गॉगल म्हणत. त्याच्याकडे जुन्या गाड्यांनी भरलेली एक शेडच होती. "हे मोठ्या मनानं म्हणतात, हे मेलेलं इंजिन मला द्या, मी त्याच मॉडेलचं चालू इंजिन देतो. गाडी तुमची तुम्हाला, चालती बोलती. थोरल्यांनी हो म्हटलंय."

आत्या गॉगलकडे वळली. "मेलेल्या इंजिनाचं काय लोणचं घालणार?"

"बाई, हे कारखान्याच्या पहिल्या खेपेतलं इंजिन आहे," गॉगल म्हणाला. बोलताना त्याचे ओठ ओले झाले. "माझ्याकडे पहिल्या खेपेतली बॉडी आहे आणि तिचं इंजिन गेलेलं. मी हे उघडून बांधून घेईन. इथला एकेक भाग मूळचा आहे. एअर फिल्टरसुद्धा! पितळी पट्टीसकट. सकाळी इंजिनावर बसलेला बघितला, माझा जीव गोळा झाला. असा अस्सल फिल्टर कुठे शोधून मिळत नाही."

"सकाळी, म्हणजे दाब बघताना?"

"हो. त्यावर यांनी कप ठेवला, तेव्हा मनात आलं, डाग पडेल."

आत्यानं मान डोलावली. "हे काम तुम्हाला कोणी सुचवलं?"

"मी मालकांना म्हटलं होतं एकदा. ते इंजिन मला मिळालं तर माझ्या सगळ्या गाड्या तुमच्याच गॅरेजात येतील. कसं मिळवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. मी खोलात जात नाही."

"खोलात न जाणारे फार झालेत," आत्या म्हणाली, "म्हणून तर विहिरी नासतात."

थोरला भाऊ बाजूला फोनवर बोट फिरवत उभा होता. आत्यानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"दाब बघताना इंजिनावर काय काय होतं?"

"मला काय माहीत? इंजिन होतं. आत्या, मला त्यातलं काही कळत नाही. रोज कोण तेल पुसणार त्या गाडीखालचं? बाबा गेले. बाबांबरोबर त्यांचा नादही जाऊ दे ना!"

"नाद जाऊ दे. मिस्त्रीची अब्रू पण जाऊ दे?"

त्यानं मान खाली घातली. "मालक म्हणाले ते मी ऐकलं. माझा काय दोष?"

"तो नंतर मोजू. मिस्त्री बाजारातून आला तेव्हा आत आला होता?"

"नाही. मालक दारातच आडवे झाले. उंबरा ओलांडू दिला नाही."

शेवटी आत्या पुन्हा मालकासमोर उभी राहिली. तिचा आवाज इतका मऊ झाला होता की गाडीत बसलेल्या भाचीनं ऐकायला काच थोडी खाली केली. तिला हा आवाज माहीत होता.

"मालक, एक साधी गोष्ट विचारते. सकाळी दाब बघताना एअर फिल्टर कुठे होता?"

मालकाची नजर क्षणभर वर गेली आणि खाली आली.

"फिल्टर? तो सोमवारीच काढलाय मिस्त्रीनं. तेव्हापासून त्या वरच्या फळीवर आहे. का?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "हवेचा कंप्रेसर चालू करा. मला इंजिनात हवा भरायची आहे."

"कंप्रेसर बिघडलाय."

"केव्हापासून?"

मालक कॉलर नीट करायला लागला.

५

हवेची लांब नळी गल्ली ओलांडून आली. वेल्डिंगवाल्यानं ती खांद्यावर टाकून आणली आणि तिच्या मागोमाग निम्मी गल्ली आली. टायरवाला, रंगवाला, सीटकव्हर शिवणारी बाई. मालक म्हणाला, "ही माझी खाजगी जागा आहे." टायरवाला म्हणाला, "सकाळी बोंब मारलीस तेव्हा गल्ली सार्वजनिक होती. आता ऐकायला आलोय."

"नीट बघा रे," आत्या म्हणाली. "दाब कमी असला तर हवा कुठून तरी पळत असणार. गेज फक्त सांगतो की कमी आहे. कुठून पळते ते कान सांगतात. प्लगच्या भोकातून हवा भरायची. कार्बुरेटरमधून फुसफुसली तर आत घेणारा व्हॉल्व्ह गेला. सायलेन्सरमधून आली तर बाहेर सोडणारा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. तेल ओतायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. पाचवी वाट नाही."

वेल्डिंगवाल्यानं पुढच्या नटाला लांब पान्हा लावून इंजिन हळूहळू फिरवलं. आत्यानं पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आल्याची आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटल्याची खात्री केली, त्याला पान्हा तसाच घट्ट धरायला सांगितला आणि नळी जोडली.

हवा सुटली. सगळी गल्ली श्वास धरून उभी राहिली.

आत्यानं कार्बुरेटरला कान लावला. काही नाही. रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघितलं. पाणी स्तब्ध. मग ती सरळ फरशीवर बसली आणि साडीची पर्वा न करता सायलेन्सरच्या तोंडाला कान लावला.

"काही बोलतोय का, ताई?" टायरवाल्यानं विचारलं.

"तुझ्यापेक्षा कमी," आत्या म्हणाली.

तेलाच्या तोंडापाशी मात्र बारीक फुसफुस होती, झोपलेल्या म्हाताऱ्याच्या घोरण्याइतकी. "एवढं असायचंच," ती म्हणाली. "वय झालंय, मरण नाही आलेलं."

दुसरा सिलिंडर, तिसरा, चौथा. सगळीकडे तेच. मग आत्यानं मालकाचाच गेज उचलला, धाकटीला रेस दाबून किल्ली फिरवायला सांगितली, आणि एक सिलिंडर बघितला. काटा उड्या मारत वर गेला आणि दीडशेला थोडा कमी पडून थांबला.

गल्लीतून एक हुंकार उठला. धाकटीनं आतून हॉर्न दाबला, तो रागानं की आनंदानं ते तिलाही कळलं नसेल.

"सकाळी... सकाळी बॅटरी उतरली असेल," मालक म्हणाला. त्याच्या इस्त्रीच्या कॉलरला घाम लागला होता.

"सकाळपासून तीच बॅटरी आहे. चार्ज कोणी केली?" आत्या फरशीवरच्या आकड्यांकडे गेली. "मला पहिल्यापासून हे खटकत होतं. चार भावंडं एकाच सकाळी, एकसारखी म्हातारी होतात का? झिजणारं इंजिन एका जागी आधी झिजतं. एखादा साठ येतो, एखादा सव्वाशे. इथे चारही सारखे. म्हणजे हवा बाहेर पळत नव्हती. हवा आतच जात नव्हती. ज्याला श्वासच घेऊ दिला नाही, तो फुंकणार काय?"

तिनं वर फळीकडे बोट केलं. "तो फिल्टर खाली काढा."

६

वेल्डिंगवाल्यानं हात वर करून डबा काढला. वरची फळी आणि तिच्या डोक्यावरची फळी यांत इतकी कमी जागा होती की डबा आडवा करून ओढावा लागला. आत्यानं तो उपडा केला. खालच्या नळीत, जी कार्बुरेटरच्या तोंडावर बसते, तिथे दोन बोटं घातली आणि ओढलं.

फडक्याचा एक घट्ट बोळा बाहेर आला.

"हे बघा!" सीटकव्हरवाली ओरडली. "नरडं आवळलं होतं बिचारीचं!"

मालकाचा चेहरा मात्र उजळला. त्यानं मोठ्यानं विचारलं, "तो बोळा कोणी कोंबलाय, विचारा. विचारा ना!"

दारात सावली पडली. मिस्त्री उठून आला होता.

"मी," तो म्हणाला.

गाडीची काच सर्रकन खाली आली. "काका!"

"मीच कोंबला," मिस्त्री पुन्हा म्हणाला. "सोमवारी. सुटा केलेला कुठलाही भाग मी उघड्या तोंडानं ठेवत नाही. धूळ जाते, उंदीर जातो. उस्तादानंच शिकवलंय. त्यानं मी खोटा ठरलो तर ठरू दे, पण हे खरं आहे, आणि मी ते नाकारणार नाही."

"बघा!" मालक हात पसरून म्हणाला. "त्याच्याच तोंडून ऐका. बोळा त्याचा. फिल्टर त्यानं ठेवला. आता मला काय बोलायचं ते बोला!"

७

आत्या हसली. पण ते हसू बघून टायरवाला एक पाऊल मागे सरकला.

"फळीवरच्या फिल्टरमध्ये बोळा असणं हा गुन्हाच नाही, मालक. ती चांगली सवय आहे, आणि ती सवय या गल्लीत दोघांनाच माहीत आहे, कारण दोघं एका उस्तादाकडे शिकले. प्रश्न असा की सकाळी दाब बघताना फिल्टर कुठे होता. तुम्ही मला काय सांगितलंत?"

"फळीवर."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं," गल्ली म्हणाली.

"माझ्या भाचीला फिल्टर हा शब्द माहीत नाही. ती म्हणाली, मालकांनी काळ्या डब्यावर चहा ठेवला. या काळ्या चष्म्यानं तो फिल्टर इंजिनावर बसलेला बघितला आणि कपाचा डाग पडेल म्हणून त्याचा जीव कासावीस झाला. अहो साहेब, पडला हो डाग."

तिनं डबा सुलटा केला. धुळकट काळ्या झाकणावर चहाचं गोल कडं उमटलं होतं, चिकट, अजून चमकणारं.

"फळीवर कप ठेवून बघा," आत्या म्हणाली. "कपच काय, बशीसुद्धा जायची नाही. डबा आडवा करून काढावा लागला, तुम्ही बघितलंत. म्हणजे हा फिल्टर सकाळी इंजिनावर होता, पोटात बोळा घेऊन. जे इंजिन साखळीनं उचलायचंय, त्याच्यावर काढलेला फिल्टर पुन्हा कोण बसवतं? तोही त्याच्या बुडाशी लागतं ते तेल न भरता, कोरडा? आणि दाब बघून झाल्यावर तो पुन्हा फळीवर कसा गेला? मिस्त्रीला तर तुम्ही उंबरा ओलांडू दिला नाहीत. थोरल्याला फिल्टर आणि फणस यातला फरक कळत नाही. गॉगलसाहेब तो मिळावा म्हणून लाळ गाळत होते, ते कशाला लपवतील? उरलं कोण?"

मालकानं झाकणावरच्या कड्यावरून नजर काढली.

"निर्दोष माणूस म्हणाला असता, हो, होता इंजिनावर, माझं लक्ष नव्हतं. तुम्ही नाही म्हणालात. न केलेल्या गोष्टीचं खोटं कोण बोलतं? आणि वरून हिशेब केवढा! सापडलंच तर बोळा मिस्त्रीचा. त्याच्याच चांगल्या सवयीची दोरी करून त्याच्याच गळ्यात!"

धाकटी गाडीतून उतरली. "माझ्या हातानं करवून घेतलंत," ती म्हणाली. "मला विचारत होतात, दमलीस का गं? पाणी देऊ का?"

तेव्हा मालक फुटला. पण रडला नाही. ओरडला.

"हो, केलं! पाटीवर नाव माझं आहे! भाडं मी भरतो, वीज मी भरतो, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दारातून विचारतं, मिस्त्री आहे का? मिस्त्री नसला तर गाडी वळवून जातं! मी काय भिंत आहे? म्हटलं, साहेबांच्या गाड्या आल्या की मला कोणाची गरज नाही. याची तर नाहीच!"

"मग मला म्हणायचंस," मिस्त्री म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला आणि पत्र्याचं छप्पर दणाणलं. "म्हणायचंस, जा! मी गेलो असतो! रडलो असतो आणि गेलो असतो. मला लबाड का केलंस? तुझ्या लग्नात तुझा हात धरून मी उभा होतो रे, भडव्या! देवासमोर मी तुझ्यासाठी मागणं मागत आलो!"

सीटकव्हरवालीनं पदर तोंडाला लावला.

८

गॉगलनं खिशात हात घालून हळूच दाराकडे पाय वळवले. आत्या म्हणाली, "चष्मा काढून जा. उजेड बघायची सवय लाव." तो चष्म्यासकटच गेला.

मालक मिस्त्रीसमोर आला. ओरडून झाल्यावर तो अंगानं लहान झाल्यासारखा दिसत होता. "चुकलं माझं," तो पुटपुटला.

"गल्लीला ऐकू आलं नाही," वेल्डिंगवाला म्हणाला.

"माफी नको मला," मिस्त्री म्हणाला. "माफीचं काय, ती मनातल्या मनातही मागता येते. सकाळी तू आकडे ओरडून सांगितलेस. आता घे गेज. एकेका सिलिंडरला लाव. आणि ओरड."

मालकानं आत्याकडे बघितलं. आत्यानं गेज त्याच्या हातात ठेवला. धाकटी पुन्हा आत बसली, पाय रेसवर गच्च दाबला आणि किल्ली फिरवली.

"एकशे पंचेचाळीस," मालक म्हणाला.

"मोठ्यानं!" टायरवाला म्हणाला.

"एकशे पंचेचाळीस!"

दुसऱ्याला त्याचा आवाज चिरकला. तिसऱ्याला त्यानं घाम पुसला आणि काळी बोटं इस्त्रीच्या शर्टाला लागली. चौथ्याला मात्र, का कोण जाणे, तो नीट, स्वच्छ, पूर्वी दोघं मिळून काम करताना ओरडत असतील तसा ओरडला, "एकशे अठ्ठेचाळीस!" आणि गेज हातात धरून तसाच उभा राहिला. खडूचे जुने आकडे वेल्डिंगवाल्यानं बुटानं पुसून टाकले.

"आता सील बदलायचं ना?" मालक हळूच म्हणाला. "साखळी लावलेलीच आहे. तू म्हणशील तर आत्ता उतरवू. दोघं मिळून."

मिस्त्रीनं साखळीच्या आकड्याला हात घातला, तो बाजूला सारला आणि खांबाला अडकवून ठेवला.

"उतरवू की. पण इथे नाही."

वेल्डिंगवाल्यानं आपल्या दुकानातलं सामान बाजूला ढकलायला सुरुवात केली होती. आत्यानं थोरल्याची कॉलर धरून त्याला गाडीच्या मागे उभं केलं. "ढकल. तुझा हिशेब घरी. आधी ढकल."

तो ढकलायला लागला. टायरवाल्यानं खांदा लावला, रंगवाल्यानं लावला. सीटकव्हरवाली पुढून, "डावीकडे, डावीकडे घे गं!" म्हणून धाकटीला वाट दाखवत होती. गाडी जड होती आणि उंबऱ्याशी चाक अडलं. तेव्हा मालकही पुढे झाला आणि मिस्त्रीच्या शेजारी त्यानं पत्र्यावर आपले दोन्ही हात ठेवले.

मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हात काढ," तो म्हणाला.

मालकानं हात काढले. बाकीच्यांनी मिळून जोर लावला आणि गाडी उंबरा ओलांडून गल्लीत उतरली.